दुकानाच्या 'टाइल + फिटिंग' पॅकेजचा अनुभव : आठ महिन्यांत हॉलची फरशी उचलली, कोटा फरशी जागची हलली नाही

आधीच सांगते, टाइल चांगली आहे. गुजरातेतल्या मोरबीची, २ बाय ४ फुटाची, पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड (म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली), पांढऱ्यावर हलकी करडी रेघ असलेली. अजून चकाकी तशीच आहे, ओरखडे नाहीत, हळदीचे डाग निघतात. तक्रार टाइलची नाहीच. तक्रार आहे ती बसवण्याची, आणि आमच्याकडं तर तीच टाइल दोन वेगवेगळ्या हातांनी बसलीय त्यामुळं फरक रोज पायाखाली दिसतो. म्हणून सविस्तर लिहितेय, घराचं काम काढलंय किंवा काढायचं म्हणताय त्यांनी सावकाश वाचा.

आमचं घर सोलापुरात, सासऱ्यांनी बांधलेलं, खाली सगळीकडं शहाबादी. शहाबाद इथून जवळच, गुलबर्ग्याच्या जरा पलीकडं, त्यामुळं जुन्या सोलापुरात घराघरात तीच फरशी. उन्हाळ्यात थंडगार, पण सांधे उघडे पडलेले, मुंग्यांच्या रांगा त्यातूनच यायच्या, आणि हॉलमध्ये दोन-तीन जागी इतकी खचलेली की खुर्ची डुगडुगायची. २०२३ च्या पावसाळ्यात शेवटी काम काढलं. फरशा उचलल्या तर खाली चुन्याचा माल निघाला, त्यातल्या धड निघालेल्या फरशा मी टाकू दिल्या नाहीत, मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाभोवती बसवून घेतल्या.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. शोरूम मोठं आहे, माल भरपूर, मुलं नीट बोलतात, एक एक टाइल काढून दाखवायला कंटाळा करत नाहीत, हे सगळं खरं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. फक्त शोरूममधल्या दिव्यांवर जाऊ नका. तिथं वरून पांढरे लाईट सोडलेले असतात, त्यात कुठलीही टाइल सुंदरच दिसते. आम्ही तीन सॅम्पल घरी आणले, दुपारच्या उन्हात ठेवून बघितले, रात्री ट्यूबच्या उजेडात बघितले, आणि शोरूममध्ये सगळ्यात भारी वाटलेली काळपट चॉकलेटी टाइल घरी आणल्यावर दहा मिनिटांत नापास झाली, कारण पायाचा प्रत्येक ठसा आणि धुळीचा कण त्यावर उठून दिसत होता. राहिलेल्या दोन्हीवर हळद आणि तेल कालवून एकेक थेंब रात्रभर ठेवला. एकीवर सकाळी पिवळट गोल राहिला, दुसरी पुसल्याबरोबर साफ. ही साफवाली घेतली. मागच्या बाजूलाही पाण्याचे थेंब टाकून बघा, व्हिट्रिफाइड असेल तर पाणी तसंच वर राहतं, आत शोषत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ ह्याच्यावरूनच झालाय.

आता खोक्यांचा हिशोब, इथं पहिली चूक झाली. ह्या साइझच्या एका खोक्यात २ टाइल असतात, म्हणजे साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट. आमचा हॉल १६ बाय १३, दोन बेडरूम ११ बाय १२ च्या आणि मधला बोळ ९० फूट, सगळे मिळून ५६२. दुकानातल्या मुलानं कॅल्क्युलेटरवर ३८ खोकी काढली आणि कोटेशन दिलं. त्यात स्कर्टिंग धरलंच नव्हतं! भिंतीला खाली चार इंचाची पट्टी लागते ती त्याच टाइलमधून कापतात, आमच्या घराला तेच जवळपास ५० फूट झालं. वर कापाकापीत आणि फुटण्यात जाते ती दहा टक्के तरी धरायलाच पाहिजे. म्हणजे लागणार होती ४४, आणली ३८. बोळाचं काम निम्मं झालं आणि माल संपला. परत ६ खोकी मागवली तर शेड नंबर वेगळा आला. टाइल भट्टीत १२०० अंशाच्या आसपास भाजतात, दर लॉटला रंगात किंचित फरक पडतोच, मापातही एखादा मिलिमीटर इकडं तिकडं होतो, म्हणून प्रत्येक खोक्यावर शेड नंबर आणि बॅच छापलेली असते. एकेक टाइल हातात घेऊन फरक कळत नाही हो, पण शेजारी शेजारी टाकली की एक दुधाळ आणि एक किंचित निळसर दिसते. आमच्या बोळात ती रेघ अजून आहे. तर हिशोब स्वतः करा, स्कर्टिंग धरा, दहा टक्के वर धरा, आणि टेम्पो रिकामा होताना प्रत्येक खोक्यावरचा नंबर वाचूनच आत घ्या. माणसं घाईत असतात, असू देत, थांबवा त्यांना.

फिटिंग दुकानाकडूनच होतं. पॅकेजच तसं, टाइल ६४ रुपये फूट, वर १८ टक्के जीएसटी, आणि फिटिंग २४ रुपये फूट. आम्हाला वाटलं बरं झालं, एकाच माणसाकडं जबाबदारी. चार पोरं आली, सकाळी नवाला सुरू आणि रात्री आठपर्यंत काम, चार दिवसांत ५६२ फूट फरशी संपवून गेली. आमच्या ह्यांना तर फार कौतुक वाटलं होतं. पद्धत अशी की खाली वाळू-सिमेंटचा कोरडा माल पसरायचा, पट्टीनं सारखा करायचा, वरून सिमेंटची पातळ स्लरी ओतायची आणि टाइल टेकवून रबरी हातोडीनं ठोकायची. टाइलला टाइल अगदी चिकटवून, मध्ये बोटाचं नखही जाणार नाही. मी विचारलं सांधा नाही ठेवत का, तर म्हणाला "मॅडम, सांधा ठेवला की घाण बसते, ही जॉइंटलेस आहे." मला ते पटलं. शहाबादीच्या सांध्यांनी इतकी वर्षं वैताग आणला होता ना, त्यामुळं सांधाच नाही म्हटल्यावर मी खूष.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, दुपारी अडीचच्या सुमारास, हॉलमधून फाडदिशी आवाज आला. सासूबाई आत पडल्या होत्या, त्या दचकून उठल्या, मला वाटलं सिलिंडरचं काहीतरी झालं. जाऊन बघते तर खिडकीजवळच्या चार टाइल मधोमध वर उचलल्या गेलेल्या, दोन दोन टाइलचं छप्पर उभं केल्यासारखं, आणि खालून पोकळ. आम्ही बघतोय तोवर पाचवी करकरली. सासूबाई रोज संध्याकाळी बरोबर तिथं खुर्ची टाकून बसतात, शहात्तर वय, गुडघ्यांना आधीच त्रास, तो विचार मनातून जायलाच मला दोन दिवस लागले.

एक टाइल उचलून उलटी केली. मागची बाजू कोरी! खोक्यातून आत्ता काढल्यासारखी स्वच्छ, कंपनीचं नाव वाचता येत होतं, मागच्या उभ्या खाचा मोकळ्या. आणि खाली जी सिमेंटची स्लरी सुकली होती तिच्यावर त्याच खाचांचा उलटा ठसा उमटलेला, साच्यातून काढल्यासारखा गुळगुळीत. म्हणजे टाइल कधी चिकटलीच नव्हती, आठ महिने नुसती टेकलेली होती. नाण्यानं बाकीच्या वाजवून बघितल्या तर हॉलमधल्या निम्म्याहून जास्त ढब ढब वाजत होत्या.

दुकानात फोटो घेऊन गेलो. उत्तर मिळालं, उन्हाळ्यात असं होतं, आणि टाइलमध्ये दोष नाही त्यामुळं कंपनी काही देणार नाही. ते बरोबरच होतं, टाइलमध्ये दोष नव्हताच. पण फिटिंगचं काय विचारलं तर बिल काढायला सांगितलं, आणि बिलात फक्त टाइल होती. फिटिंगचे पैसे वेगळ्या चिठ्ठीवर घेतले होते, तिच्यावर ना शिक्का ना सही. चारही पोरं दुकानाची नव्हेतच, बाहेरची आहेत म्हणाले. ज्या 'एकाच माणसाची जबाबदारी' म्हणून पॅकेज घेतलं ती जबाबदारी कागदावर कुठंच नव्हती. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. तुम्ही पॅकेज घेणार असाल तर फिटिंगची रक्कम पक्क्या बिलात लिहून घ्या, आणि किती महिन्यांची हमी तेही त्याच कागदावर. नाही म्हणाले तर पॅकेज घेऊ नका.

मग नणंदेनं एक मिस्त्री सुचवले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, सगळी गल्लीच म्हणते. चाचा आले ते हातात नुसती एक लोखंडी सळी घेऊन. सगळ्या घरात फिरून ती टेकवत आवाज ऐकला, खडूनं खुणा केल्या आणि मग चहा घेताना सांगितलं, "ताई, उन्हात तापल्यावर फरशी वाढती. तिला सरकायला जागा पायजे. ह्यांनी भिंतीला टेकवून घट्ट आवळलीय, मग ती जाणार कुठं, वर येती." मी नंतर हिशोब करून बघितला, १६ फुटांच्या हॉलमध्ये वीस अंश तापमान वाढलं तर टाइलची लांबी अर्धा-पाऊण मिलिमीटरच वाढते. एवढुसं. पण तेवढीही जागा कुठं नसेल आणि खालून धरलेलंही नसेल तर तेवढं पुरतं. आणि धरलेलं का नव्हतं तर ही टाइल पाणी पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी शोषण असतं तिचं. साध्या सिमेंटची पकड अशी बसते की ओलावा फरशीच्या पाठीत शिरतो आणि तिथंच सुकून धरतो. शहाबादी, कोटा, जुन्या लाल टाइला, सगळ्या थोडं पाणी पितात, म्हणून त्या स्लरीवर पिढ्यानपिढ्या बसल्या. व्हिट्रिफाइडला ते चालत नाही, तिला अ‍ॅडेसिव्हच लागतं, म्हणजे टाइल चिकटवायचा बॅगेत मिळणारा खास माल. मी थेंब टाकून 'वा, पाणी शोषत नाही' म्हणून खूष झाले होते, तोच गुण बसवणाऱ्यानं लक्षात घ्यायला हवा होता.

चाचांनी अख्खा हॉल उचलला. २२ टाइल धड निघाल्या, बाकीच्या फुटल्या, त्यांच्या जागी आमच्याकडं उरलेल्या दुसऱ्या शेडच्या टाकल्या, पण दिवाणाखाली आणि टीव्हीच्या कपाटाखाली, त्यामुळं दिसत नाहीत. खालचा माल स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर वाळूच सुटायची, इतकं सिमेंट कमी, तो काढून टाकला, नवीन पक्का कोबा केला आणि आठ दिवस नुसतं पाणी मारलं. आमचे हे रोज विचारायचे कधी सुरू करणार. चाचा म्हणायचे, "साहेब, ते पिऊ द्या."

मग बसवणं सुरू झालं तेव्हा मी शाळेतून रजा काढून दोन दिवस समोर बसले. अ‍ॅडेसिव्हच्या बॅगेवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप छापलेला असतो, टाइप १ साध्या सिरॅमिकला, आपल्या व्हिट्रिफाइडला टाइप २ किंवा त्याच्या वरचा, हे त्यांनीच दाखवलं. बादलीत थोडंच कालवायचे, अर्ध्या तासात संपेल एवढं, घट्ट व्हायला लागलं तर पोरगा पाणी घालायला गेला की ओरडायचे, उरलेलं फेकून द्यायचे पण परत पाणी नाही. दातेरी थापीनं जमिनीवर एकाच दिशेनं सरळ रेघा ओढल्या, टाइलच्या पाठीवरही थापीच्या सपाट बाजूनं पातळ हात मारला, आणि टाइल ठेवून थोडी पुढं मागं सरकवत दाबली. पहिली टाइल बसवल्या बसवल्या परत उचलली! मला कळेना. तर पाठ दाखवली, तीन कोपऱ्यांपर्यंत माल लागला होता, एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरी होती. मग तिथली खालची रेघ परत भरली. असं दर पाच-सहा टाइलनंतर एक उचलून बघायचे. मध्ये ३ मिलिमीटरचे स्पेसर, लेव्हलच्या प्लास्टिकच्या क्लिपा, आणि चारी भिंतींना बोटभर जागा मोकळी. ती जागा वर स्कर्टिंगनं झाकली जाते, तिच्यात माल भरायचा नसतो. आमचं जुनं स्कर्टिंग काढताना तुटलंच, तिथं काळ्या ग्रॅनाइटची पट्टी लावली. हॉलला चार दिवस लागले, आधीच्या लोकांनी तेवढ्यात घर संपवलं होतं.

सांध्यांची भीती मनात होती ती गेली. ३ मिलिमीटरचा सांधा टाइलच्या रंगाच्या ग्राउटनं भरला की दोन पावलांवरून दिसत नाही, आणि मुंग्या बिंग्या काही नाहीत. २०२५ चा अख्खा उन्हाळा गेला, सोलापूरचा उन्हाळा म्हणजे चाळीसच्या पुढंच, नाणं वाजवून बघितलं, एकही टाइल ढब वाजत नाही.

खर्च : हॉल परत करायला उचलणं, राडारोडा, कोबा, अ‍ॅडेसिव्हच्या ६ बॅगा, मजुरी ४० रुपये फूट आणि ग्रॅनाइटची पट्टी सगळं धरून २६ हजारांच्या आसपास गेले. पहिल्यांदाच अख्ख्या घराला अ‍ॅडेसिव्ह आणि चांगला मिस्त्री घेतला असता तर पंधरा-सोळा हजारच जास्त लागले असते. टाइल ६४ ऐवजी ५० रुपयांची घेतली असती तरी चाललं असतं, ते वाचलेले पैसे बसवण्यात घातले असते तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

बाथरूमचं थोडक्यात. तिथं चकचकीत टाइल अजिबात नको, कुणी कितीही सांगू दे. १ बाय १ ची खरखरीत मॅट घ्या, आणि दुकानात सॅम्पलवर पाणी ओतून, चप्पल काढून, उभं राहून बघा. आम्ही सासूबाईंनाच नेलं होतं, त्यांनी चार टाइलवर पाय ठेवून एक निवडली. छोटी टाइल घ्यायचं आणखी एक कारण, जाळीकडं उतार चारी बाजूंनी द्यावा लागतो आणि मोठी टाइल वाकत नाही, मग पाणी कोपऱ्यात साचतं. सांधे भरायच्या आधी बादलीभर पाणी ओतून बघा कुठं थांबतंय का.

आता कोटा. स्वयंपाकघर आणि ओसरी मिळून २०६ फूट आम्ही पहिल्यापासून कोटाच केला, सासूबाईंचा हट्ट होता आणि त्यांचं बरोबर होतं. दगड टाइलच्या दुकानातून नाही तर स्टोन यार्डातून घेतला, ३८ रुपये फूट. राजस्थानातल्या कोटा, रामगंज मंडीकडचा हा दगड, हिरवट-निळसर आणि तपकिरी अशा दोन रंगात येतो. यार्डात उभा रचून ठेवलेला असतो, धुळीनं सगळा सारखाच पांढुरका दिसतो, रंग काही कळत नाही. तिथला म्हातारा कामगार बादलीतलं पाणी ओंजळीनं घेऊन दगडावर मारायचा आणि तळहातानं पुसायचा, की एकदम आतला हिरवा रंग वर यायचा, गढूळ पाण्यातलं शेवाळ दिसावं तसा. मी तिथं तासभर हेच करत होते, दोन्ही हात ओले. रंग जुळणारे वेगळे काढा, कडेनं जाडी बघा कारण एकाच फरशीची एक बाजू पाऊण इंच आणि दुसरी सव्वा इंच निघते, गुण्या लावून कोपरा बघा, आणि पापुद्रे सुटलेला दगड घेऊच नका, पॉलिशच्या मशीनखाली तो पापुद्रा उडतो.

बसवायला ३० रुपये आणि पॉलिशला २० रुपये फूट पडले. पॉलिशचं आधी माहीत असू द्या, बसवून दहा-बारा दिवसांनी मशीन येतं, मशीनच्या जाड घासदगडापासून बारीक घासदगडापर्यंत पाच-सहा हात मारतात, आणि पाण्यासकट दगडाचा करडा राडा घरभर होतो, भिंतीवर गुडघ्यापर्यंत उडतो. म्हणून रंगकाम पॉलिशनंतरच करा. नळ्या, जाळ्या कापडानं गच्च बंद करा, तो राडा पाइपात गेला तर आत सिमेंटसारखा बसतो.

एकच गोष्ट सांभाळावी लागते, आंबट. कोटा म्हणजे चुनखडीच, लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की चकाकी खाऊन टाकतं. आमच्या ओट्याखाली लिंबाचा एक पांढुरका गोल आहे, पुसून जात नाही, तेवढ्यापुरतं परत पॉलिश करावं लागतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर चुकूनही लावू नका. बाकी मे महिन्यात दुपारी ओसरीच्या कोट्यावर सासूबाई सतरंजी न टाकता आडव्या होतात, हॉलमध्ये टाइल आहे तिथं नाही होत.

मार्क द्यायचे तर टाइलला ५ पैकी ४, दुकानातल्या वागणुकीला माल विकेपर्यंत ४ आणि नंतर १, पॅकेजच्या फिटिंगला शून्य, चाचांना पाच, कोट्याला साडेचार.

बेडरूमचा प्रश्न अजून आहे. तिथं जुनंच काम आहे, ऊन कमी येतं म्हणून अजून उठल्या नाहीत पण दोन्ही खोल्यांत मिळून ११ टाइल पोकळ वाजतात, खडूच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत, मुलांना त्यावर उड्या मारायला बंदी आहे. तीच टाइल आता मिळत नाही, डिझाइन बंद झालं. चाचांनी मार्ग काढला, मागच्या बेडरूममधल्या सगळ्या उचलायच्या, त्यातल्या धड निघतील त्या पुढच्या बेडरूमला अ‍ॅडेसिव्हवर बसवायच्या, आणि मागच्या खोलीत कोटा टाकायचा. दिवाळीनंतरचा आठवडा दिलाय त्यांनी, यार्डात जाऊन मी आणि सासूबाई १५० फूट दगड ओला करून निवडून ठेवून आलोय.